जागेवर जनावर आढळले नाही

आमच्या इमारतीत मधुकर गमरे नावाचे एक गृहस्थ राहत होते आणि त्यांच्याविरुद्ध मी एक अर्ज केला होता. अर्ज उत्तम होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्या सगळ्या प्रकरणात उत्तम म्हणावी अशी माझ्या हातून झालेली तेवढीच एक गोष्ट.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. वाशी तेव्हा नवी कोरी होती. सेक्टर होते, रस्ते होते, इमारतींना नंबर होते. माणसं तेवढी कमी होती. ती जागा जुहूगाव आणि सानपाड्याच्या म्हशी भरून काढत. या म्हशींनी आमच्या कुंपणाची मेंदी खाल्ली, दोरीवरचा कर्णिकांचा टॉवेल खाल्ला, आणि तक्रारी वाढल्या तेव्हा नोडच्या, म्हणजे नव्या शहरातल्या आमच्या भागाच्या, ऑफिसानं मोकाट जनावरांसाठी एक कोंडवाडा काढला. हा कोंडवाडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आमची सोसायटी नोंदली गेली तेव्हा सेक्रेटरी कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. मी, नंदकुमार साठ्ये, मंत्रालयात वरिष्ठ लिपिक. 'उपरोक्त', 'तदनुषंगाने' आणि 'उचित कार्यवाहीस्तव' हे शब्द मी भाजी आणायला गेलो तरी वापरत असे. चेअरमन श्यामसुंदर कर्णिक. ते बँकेत होते आणि त्यांना समिती नेमायला फार आवडे. गच्चीवरची टाकी गळली तरी समिती.

गमरे तिसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर राहत. मूळचे खेडकडचे. तुर्भ्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक करून जुळवायची आणि पान उभं करायचं. त्या अक्षरांना त्यांच्या धंद्यात खिळे म्हणतात. बोटांच्या पेरांत शाई कायमची बसलेली. बोलणं कमी. दुपारची पाळी असायची, त्यामुळे सकाळभर घरी. मीटिंगला येत, मागच्या खुर्चीवर बसत, विषय संपला की उठून जात. असा माणूस सोसायटीला संशयास्पद वाटतोच. भांडत नाही म्हणजे काहीतरी लपवत असणार.

आणि तसं निघालंही. एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांनी आपली मुलगी जयमाला, तिसरीतली, शाळेतून काढली आणि घरी शिकवायला सुरुवात केली. ना कुठे सांगितलं, ना कोणाला विचारलं. माझी वैशाली तिच्याच वर्गात. तिनं एक दिवस जेवताना सांगितलं, "जयमाला आता येत नाही. तिला तिचे बाबा घरीच शिकवतात."

"घरी शिकवतात म्हणजे काय?" माझी बायको स्मिता म्हणाली. "घरी काय शाळा असते का?"

प्रश्न अगदी रास्त होता. शाळेत मुलं काही शिकतात असा आमच्यापैकी कोणाचाच समज नव्हता, म्हणून तर सगळ्यांनी आपापल्या मुलांना संध्याकाळी शिकवणी लावलेली होती. तिथं कळलं नाही तर आई रात्रीचा स्वयंपाक करता करता शिकवत असे. पण ती शिकवणी शाळेच्या वर होती. शाळा काढून टाकून नुसतं शिकवणं म्हणजे भलतंच.

आठवड्याभरात इमारतीला सगळी माहिती मिळाली, आणि ती प्रत्येक मजल्यावर वेगळी होती. तळमजल्यावर जयमालाला फिट येत होती. पहिल्या मजल्यावर तिचं लग्न ठरलं होतं. वय वर्षं नऊ, पण 'त्यांच्यात' काय सांगता येतं, असं म्हणून बोलणाऱ्या बाई आवाज खाली आणत. ही 'त्यांच्यात' अशी आमच्याकडे हळू बोलायची गोष्ट होती. मोठ्यानं आम्ही सगळे पुरोगामी होतो. मग कोणीतरी जिन्यात सुंदराबाईंना, म्हणजे गमऱ्यांच्या पत्नीला, विचारलं की मुलगी दिवसभर काय करते. त्या सरळ म्हणाल्या, "खिळे जुळवते बापासंगं." झालं. कोवळ्या मुलीला खिळ्यांच्या कामाला जुंपलंय, ही बातमी संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली. हातोडीचा आवाज येतो का, असं मला तिघांनी विचारलं, कारण मी खाली राहतो. आवाज येत नव्हता. तो येत नाही हेच मला जास्त गंभीर वाटलं.

मुलांच्या संगोपनातलं मला कळत नव्हतं असं कृपा करून समजू नका. त्याच दिवाळीच्या आधी वैशाली एक दिवस शाळेतून आली ती एका वेणीला रिबीन आणि दुसरी वेणी सुटलेली अशी. शाळेची निळी नायलॉनची रिबीन. कुठे हरवली विचारलं, तर म्हणे, "हरवली नाही, बाईंनी घेतली." बाई कशाला मुलींच्या रिबिनी घेतील? चूक परवडली, खोटं चालणार नाही, हा आमच्या घराचा नियम. मी तिला वही दिली आणि 'मी खोटे बोलणार नाही' हे शंभर वेळा लिहायला लावलं. रडत रडत लिहिलं तिनं, पण अक्षर सुंदर काढलं. ती वही मी कर्णिकांनाही दाखवली होती.

तर कर्णिकांनी समिती नेमली. ते, मी आणि महिला प्रतिनिधी म्हणून स्मिता. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही वर गेलो. सुंदराबाईंनी पोहे केले. जयमाला परकर-पोलक्यात येऊन पाण्याचे पेले देऊन गेली, आणि मुलगी बघायला आल्यासारखे आम्ही तिघं सतरंजीवर ओळीनं बसलो. कर्णिकांनी भिंतींकडे बघितलं. स्मितानं स्वयंपाकघरात डोकावून डबे बघितले. मी विचारलं, "सात आठे?"

"छप्पन," जयमाला म्हणाली आणि आत गेली. तिच्याशी आमचं बोलणं झालं ते एवढंच. समितीला मुलीच्या हिताची काळजी होती. त्यात मुलीचं काही काम नव्हतं.

"पण कारण काय?" कर्णिकांनी गमऱ्यांना विचारलं.

गमऱ्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "शाळेत तिच्या हाताला त्रास होतो," ते म्हणाले.

मी डायरीत लिहिलं: मुलगी आजारी. बहुधा संधिवात.

"मग डॉक्टरांना दाखवा. शाळा सोडून कसं चालेल? घरात बसून कोणी शिकतं का?"

"साहेब, मी चौथीपर्यंत वर्गाच्या बाहेर बसून शिकलो. पडवीत. गुरुजी आत, मी खिडकीखाली. तरी मला वाचता येतं. आता माझ्या घरात भिंत मधी नाही, मास्तर मी, मग तिला का नाही येणार?"

स्मिता म्हणाली, पोहे छान झालेत. कर्णिक म्हणाले, आता ते दिवस गेले. आणि आम्ही उठलो. दारापर्यंत येऊन गमरे माझ्याशी हळू आवाजात बोलले, "साठ्येसाहेब, तुमी अर्ज कराल, मला माहिती हाय. केलात तर ते तिला परत त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर बसवतील. तेवढं करू नका. बाकी काय पण लिवा माझ्याबद्दल." सोसायटीच्या बाबतीत त्या माणसानं माझ्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट.

आणि मी नेमका तोच अर्ज केला. आमच्यासारख्या जबाबदार माणसांना कोणी असं विनवलं की आमचा संशय पक्का होतो.

अर्ज लिहायला मला दोन रविवार लागले. गमऱ्यांच्या बाबतीत मी अन्यायी होतो, पण भाषेच्या बाबतीत नव्हतो. 'सदर इसमाने आपल्या अल्पवयीन पाल्यास शिक्षणापासून वंचित ठेवून, धोकादायक खिळ्यांच्या सान्निध्यात, राहत्या घराचा अक्षरशः कोंडवाडा केलेला आहे. तरी सदर कोंडवाड्याची तातडीने पाहणी होऊन आतील मुक्या जिवाची सुटका व्हावी, ही नम्र विनंती.' 'मुक्या जिवाची' लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते. आणि वर ठळक अक्षरात, विषय: इमारत क्रमांक सात येथील खाजगी कोंडवाड्याबाबत. मूळ प्रत नोडच्या ऑफिसला, दुसरी शिक्षण खात्याला.

आता माझी चूक बघा. आवक टेबलावरचा माणूस विषयाच्या ओळीखाली वाचत नाही, हे मला माहीत होतं. माहीत कसं नसेल? एकोणीस वर्षं मी स्वतः तेच करत आलो होतो. शिक्षण खात्याकडून काही उत्तर आलं नाही. पण तीन आठवड्यांनी, एका सकाळी अकराच्या सुमाराला, खाकी हाफपँट घातलेले एक काळेसावळे, पिकल्या मिशांचे गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. खांद्यावर दोरखंडाचं भेंडोळं, बगलेत फॉर्मांचं पॅड. मी त्या दिवशी रजेवर होतो. नशीबच म्हणायचं, माझं की गमऱ्यांचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मी किसन म्हात्रे, सानपाड्याचा," ते म्हणाले. "कोंडवाड्यावरना आलू. तुमचा अर्ज हाय ना? म्हस कंच्या माल्यावर हाय?"

मी त्यांना आत बसवून समजावलं की कोंडवाडा हा शब्द इथे अलंकारिक अर्थानं वापरलेला आहे.

"असंल," ते म्हणाले. "पन लिवलंय कोंडवारा, आनि मी कोंडवाऱ्याचा मानूस. नंबर परलाय कागदावर. फारम भरल्याबिगर मना परत जाता येनार नाय. चला वर. तक्रारदाराची सही लागते."

आम्ही वर गेलो. गमऱ्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग दोरखंडाकडे. आत खिडकीशी जयमाला मांडी घालून बसली होती. पुढ्यात झिजलेल्या खिळ्यांचा एक खोका. लोखंडी पट्टीत ती उलटी अक्षरं ओळीनं लावत होती, डाव्या हातानं, भराभर.

"ह्येच खिले?" म्हात्र्यांनी एक उचलून डोळ्याजवळ धरला. "यो त 'म' हाय."

"म्हशीचा," जयमाला म्हणाली. म्हात्रे खदखदून हसले आणि तिच्यासमोर फरशीवर बसकण मारली. आमच्या समितीला हे सुचलं नव्हतं.

मग त्यांनी पॅड काढलं आणि त्यांची पंचाईत झाली. "मना सही येते. लिवाय नाय येत. रोज आमचा पोपट येतो संगती लिवाला, आज त्याला ताप हाय." माझ्याकडे न बघता त्यांनी पॅड मुलीपुढे सरकवलं. "तू लिव पोरी."

अशा रीतीनं जयमाला गमरे हिच्या हिताची शासकीय चौकशी जयमाला गमरे हिनंच लिहून काढली. डाव्या हातात पेन. अक्षर टपोरं, स्वच्छ, माझ्या वैशालीपेक्षा बरं. ती रकाना मोठ्यानं वाचायची आणि म्हात्रे उत्तर सांगायचे.

"जनावराचा प्रकार?"

"लिव, जनावर मिललं नाय."

तिनं लिहिलं: 'जागेवर जनावर आढळले नाही.' आणि थोडा विचार करून पुढे लिहिलं: 'मुलगी आढळली.'

"दाणापाणी?"

म्हात्र्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, मग सुंदराबाईंकडे. "बेस हाय."

"अंगावरील खुणा व जखमा?"

"दाव हात. दोनी."

तिनं उजवा पुढे केला. डावा मागे राहिला. म्हात्र्यांनी तो हळूच ओढून घेतला, पोलक्याची बाही वर सारली आणि खिडकीच्या उजेडात मनगट फिरवून बघितलं. मनगटाभोवती एक बारीक, चकचकीत, पांढुरकी रेघ होती. मी तीच मुलगी चार हातांवरून बघितली होती. स्मितानं तिच्या हातून पाणी घेतलं होतं.

"यो दाव्याचा वल हाय," म्हात्रे म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मी तीस वरसं ढोरांच्या मानंवर ह्योच बगतो. कोनी बांदली तुला? बापानं?"

"नाही," ती घाईनं म्हणाली. "बाईंनी. मी डाव्या हातानं लिहायची ना, म्हणून डावा हात बाकाला बांधायच्या. डाव्या हातानं लिहिलं की सरस्वतीचा अपमान होतो."

"किती दिस?"

"दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. मग हात चिघळला."

मी गमऱ्यांकडे वळलो. "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत? आम्ही आलो होतो तेव्हा?"

"बोललो होतो साहेब. शाळेत जाऊन बोललो होतो. त्या बाई म्हणाल्या, तुमा लोकांना सगळ्यातच अन्याय दिसतो. मग ठरवलं, आता कुणाला सांगायचं नाही." मग ते म्हणाले, "माझ्या धंद्यात सगळी अक्षरं उलटीच असतात. कागदावर आली की सरळ होतात. मला तिच्या हाताचं काय नवल वाटलं नाही."

जयमालानं तेवढ्यात तो रकाना भरून टाकला होता: 'डाव्या मनगटावर बांधल्याची खूण. शाळेत झालेली.' पुढचा रकाना तिनं वाचला, "दाव्याचे वर्णन, आणि दावे कोणाच्या मालकीचे?"

"ह्यो कशाला असतो रकाना?" सुंदराबाईंनी विचारलं.

"दावा ज्याचा त्याला परत द्यावा लागतो, बाय," म्हात्रे म्हणाले. "सांग पोरी. कशानं बांदली?"

"रिबिनीनं. निळ्या." आणि मग, माझ्याकडे बघून, अगदी साधेपणानं, "तुमच्या वैशालीची होती, काका. ती देत नव्हती. बाईंनी तिच्या वेणीची ओढून घेतली."

तिनं ते लिहिलं. 'रिबीन, निळी. मालक: वैशाली नंदकुमार साठ्ये.' एकही शब्द चुकला नव्हता. तिला वडिलांचं पूर्ण नाव लिहायची सवय होती.

शेवटचा रकाना होता: पुढील कार्यवाही. कोंडणे, मालकाच्या ताब्यात देणे, सोडून देणे, यांपैकी एक. म्हात्र्यांनी दोरखंड उचलून खांद्यावर टाकलं. "सोरून देने," ते म्हणाले. त्यांनी सही केली, आणि पॅड माझ्यापुढे धरलं. तक्रारदाराची सही. हजारो कागदांवर मी सही केली आहे, न वाचता. हा कागद मी दोनदा वाचला. मला लाज वाटली, इतकी की पेनाचं टोपण निघेना. गमऱ्यांनीच ते काढून दिलं.

त्या अहवालाची प्रत सोसायटीला माहितीसाठी आली आणि सेक्रेटरी म्हणून मलाच ती मीटिंगमध्ये वाचून दाखवावी लागली. कर्णिकांनी विचारलं की कोंडवाड्याच्या माणसाला शिक्षणातलं काय कळतं. मी म्हणालो, त्याच्या फॉर्ममध्ये जखमांचा रकाना आहे. आपल्या समितीच्या डायरीत नव्हता. मग मी डायरी काढून 'बहुधा संधिवात' तेवढं वाचून दाखवलं. कर्णिकांनी सभा संपली असं जाहीर केलं. जूनमध्ये शिक्षण खात्याला एकदाची जाग आली तेव्हा त्यांना नोडच्या ऑफिसातून कळवण्यात आलं की सदर प्रकरणी स्थळपाहणी झालेली असून सोडून देण्यात आलेले आहे. नंबर पडलेलं, बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडण्याची हिंमत या राज्यात कोणी करत नाही. जयमाला घरीच शिकली. एकोणनव्वद साली तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. त्याला आपल्याकडे 'बाहेरून बसणं' म्हणतात. निकालाचे पेढे द्यायला गमरे खाली आले तेव्हा म्हणाले, "आमच्यात दोन पिढ्या बाहेरूनच झाल्या, साहेब." हसत म्हणाले.

त्या बाई मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच वर्गावर होत्या. त्यांच्याविरुद्ध मी अर्ज केला होता. तोही उत्तम होता. विषयाची ओळ साधी ठेवली, म्हणून बहुधा कोणी वाचला नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी दुपारचं, सही करून मी खाली आलो तेव्हाचं. वैशाली शाळेतून आली होती आणि गृहपाठाला बसली होती. कपाटातून मी ती शंभर ओळींची वही काढली, तिच्यासमोर बसलो. 'उपरोक्त' आणि 'तदनुषंगाने' सोडले तर माझ्याजवळ फारसे शब्द नव्हते. शेवटी म्हणालो, "वैशू, रिबिनीचं तू खरं बोलली होतीस."

तिनं मान वर केली नाही. "मला माहितीये, बाबा," ती म्हणाली आणि पुढचं गणित मांडायला घेतलं.